सतरा महिन्यांची वही

दुकानाच्या आतल्या दारामागे खिळ्याला एक तार लटकलेली असायची. खालच्या टोकाला लाकडाची चकती, वरचं टोक वाकवून केलेला आकडा. सेलूच्या मोंढ्यातून माल आला की आडत्याची पट्टी, गाडीभाड्याची पावती, हमालीची चिठ्ठी, तेलाच्या डब्यांचं पक्कं बिल असं सगळं बापू त्या तारेत खुपसून ठेवत. वर्ष सरत आलं की तार एवढी फुगायची की दार भिंतीला टेकेनासं व्हायचं. मग आम्हा पोरांना कळायचं, आता हिशेबाला बोलावणं येणार.

आम्ही पाच भावंडं. बापूंची तिघं, काकांची दोघं; सगळी १९६८ ते १९७८ या दहा वर्षांत वालूरच्या त्याच घरात जन्मलेली. जे लिहितो आहे ते माझ्या एकट्याचं नाही. गेल्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली तेव्हा पाचही जण तिच्याभोवती बसलो होतो. एकाला शाईचा वास आठवत होता, दुसऱ्याला बारदानाच्या धुळीनं आलेल्या शिंका, तिसऱ्याला बेरीज चुकली म्हणून न मिळालेला चहा. एकाचं सुटलेलं दुसरा सांगत होता. आजी, जिला सगळं गाव बाई म्हणायचं, ती आता नाही. बापू आणि काकाही नाहीत. म्हणून हे कुणीतरी एका जागी लिहायला हवं होतं.

कामं वाटलेली असायची. धाकट्यांनी तारेतले कागद काढून तारखेप्रमाणे लावायचे. मधल्या भोकामुळे कुठं आकडाच फाटलेला असे, तर तो कार्बनच्या प्रतीवरून शोधायचा. मधल्यांनी कच्च्या वहीतल्या बेरजा करायच्या, एकानं वरून खाली आणि दुसऱ्यानं खालून वर. दोघांचा आकडा एक आला तरच पेन्सिलीची टिकली. आई आणि काकू साठा मोजायच्या. तूरडाळीचं पोतं किती उतरलं, गुळाच्या ढेपा किती, खोबरं, साबणाच्या वड्या, काड्यापेट्यांचे पुडे, सगळं. आक्काचं अक्षर घरात सगळ्यांत सुरेख, म्हणून पक्की वही हळूहळू तिच्याकडे गेली.

रोजमेळाची शिस्त बापूंची. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. वर सकाळची श्री शिल्लक, खाली रात्रीची. गल्ल्यातले पैसे त्या खालच्या आकड्याशी मिळाल्याशिवाय ते जेवायला उठत नसत. चार आणे कमी आले तर ताट झाकून ठेवलं जाई. ‘काय लिहायलास रे?’ असं ते अचानक विचारत, आणि लिहिणाऱ्यानं ओळ वाचून दाखवायची. उद्या लिहू म्हणून ठेवलेला एक दिवस त्यांच्या वहीत मला सापडलेला नाही. वर्षअखेरीचं काम सोपं जात असे ते यामुळेच. तारेतले कागद फक्त ताडून बघायला लागत, आठवून लिहायचं काही उरलेलं नसे.

खतावणीत अख्खं गाव उतरलेलं होतं. एकाच नावाची चार-चार माणसं, म्हणून प्रत्येकाच्या पानावर खूण: वेशीजवळचे, मळ्यातले, बोरीचे जावई, बारवेकडचे. वालूरच्या त्या बारवेत गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्या आहेत आणि आज लांबलांबून लोक ती बघायला येतात. आमच्या लहानपणी ती गाळाकचऱ्यानं बुजत चालली होती. आमच्या वहीत तिचा उपयोग पत्ता सांगण्यापुरता.

सगळ्यांत अवघड नोंद ज्वारीची. मजुरीला जाणाऱ्या बाया मिळालेली ज्वारी पदरात बांधून आणायच्या आणि तिच्यावर चहापत्ती, साखर, गोडं तेल न्यायच्या. मापट्यानं मोजून ज्वारी पोत्यात पडायची, पुड्या बांधल्या जायच्या, पैसा दिसायचाच नाही. मग वहीत काय लिहायचं? गल्ल्यात काही आलं नाही आणि गल्ल्यातून काही गेलं नाही, म्हणून सोडून देता आलं असतं. बापू दोन ओळी लिहीत. त्या दिवसाच्या भावानं ज्वारी खरेदी अमुक रुपये नावे. तेवढ्याच रुपयांची किराणा विक्री जमा. दिवसाला अशा पंधरा-वीस जोड्या. आम्हाला कंटाळा यायचा. पण पुढे ती ज्वारी मोंढ्यात विकली की तिची खरेदी कागदावर असायची, आणि विकलेल्या साखरेचाही पत्ता लागायचा. मी पुढे वाणिज्य शाखेत शिकलो. वस्तूच्या बदल्यात वस्तू दिली तरी हिशेबात ती विक्रीच, हे मला तिथं नव्यानं शिकावं लागलं नाही.

वर्ष दिवाळी ते दिवाळी चालायचं. लक्ष्मीपूजनाला लाल खारव्यात बांधलेली कोरी वही पाटावर, पहिल्या पानावर श्री आणि शुभ लाभ, पाडव्याच्या सकाळी पहिली नोंद. त्या काळी आयकराचा कायदा व्यापाऱ्याला हिशेबाचं वर्ष आपापल्या रीतीनं धरू देत असे. दिवाळीला बंद केलेल्या वहीवरून पुढच्या एप्रिलपासून सुरू होणाऱ्या आकारणी वर्षाचं पत्रक भरायचं. म्हणून आमच्याकडे हिशेबाची धांदल आणि फराळाची धांदल एकाच वेळी असे. काकू करंज्यांच्या पिठाच्या हातानं साबणाच्या वड्या मोजायच्या आणि आकडा ओरडून सांगायच्या.

दिवाळीला कापूस नुकता घरात येऊ लागलेला असतो. वेचणी चालू, विक्री अजून पुढे. मृगापासून घरोघरी माल उधारीवर गेलेला असतो. पोळा, गौरी-गणपती, दसरा सगळं उधारीवर झालेलं. त्यामुळे दिवाळीच्या वहीत येणं फुगलेलं आणि गल्ला जवळजवळ रिकामा. कापूस विकला, तूर निघाली, रब्बीची ज्वारी खळ्यावर आली की लोक येऊन बाकी चुकवत, आणि हे सगळं व्हायचं मार्चच्या आत-बाहेर. हीच वही मार्चला बंद केली असती तर दुकान भरल्या खिशाचं दिसलं असतं. दोन्ही आकडे खरेच. पण गाव कोणत्या महिन्यांत कसं जगतं, ते दिवाळीच्या वहीत दिसायचं, असं मला अजून वाटतं.

ट्रंकेच्या अगदी तळाशी आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, वह्या निघाल्या. मोडी अक्षर, आम्हा पाचांपैकी कुणालाच वाचता येत नाही, आकडे तेवढे ओळखू येतात. जुन्या वह्यांत फसली सन आहे आणि रक्कम हाली रुपयांत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे कोष्टक बापूंना तोंडपाठ होतं. निजामाच्या राज्यात आयकराचा कायदा झाला तो फसली १३५७ मध्ये, राज्य संपायच्या अगदी काठावर. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५० मध्ये भारताचा आयकर इथं लागू झाला, आणि हैदराबादचा विक्रीकराचा कायदाही त्याच साली आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मधल्या काळात हाली नाणं गेलं, १९५७ मध्ये आण्यांचे नवे पैसे झाले, मग शेर जाऊन किलो आले. राज्य, नाणं, माप, सगळं बदललं, आणि आबा ते प्रत्येक पानावर नव्यानं हिशेबात घेत राहिले. जुन्या पानाची बाकी नव्या पानावर ओढलेली आहे, कुठंही तुटलेली नाही. आकड्यांवर बोट ठेवत आम्ही एका घराची बाकी वहीतून वहीत शोधत गेलो, तेव्हा धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आबांना पाहिलेलंही नव्हतं.

आणि त्याच ट्रंकेत ती मोठी वही होती.

१९८८ साली काका परभणीहून बातमी घेऊन आले. कायदा बदलला होता. आता दिवाळीचं वर्ष, पाडव्याचं वर्ष काही नाही. आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपणार, आणि १९८९-९० या आकारणी वर्षापासून ते लागू होणार. आमची वही १९८७ च्या दिवाळीला उघडली होती. म्हणजे ती येत्या दिवाळीला बंद करायची नाही, थेट ३१ मार्च १९८९ पर्यंत ओढायची. सतरा महिन्यांहून थोडं जास्तच.

बाई ऐकत होती. ‘मंग लक्ष्मीपूजनाला पाटावर काय मांडायचं?’

‘वहीच मांडू की बाई,’ बापू म्हणाले, ‘फकस्त बंद नाही करायची.’

९ नोव्हेंबर १९८८ च्या लक्ष्मीपूजनाला आमच्या पाटावर अर्धीअधिक भरलेली वही होती. बाईनं हळदीकुंकू वाहिलं, पण त्या रात्री ती दोनदा उठून वही बघून आली, हे आक्काला आठवतं. बाईच्या मनात देवीपुढे जुनं ठेवल्याची रुखरुख असावी.

सतरा महिने एकच वही म्हणजे एक पावसाळा, एक दसरा, पण कापसाचे दोन हंगाम. आक्कानं ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकटीनं लिहिली. पानं संपली तेव्हा बापूंनी सेलूहून आणखी कागद आणून मागे शिवले. शिवण अजून दिसते, आधीच्या दोऱ्याहून जाड.

३१ मार्च १९८९, शुक्रवार. दुकान लवकर बंद केलं. वीज नव्हती. दोन कंदील आणि एक गॅसबत्ती घेऊन साठ्याची मोजणी सुरू झाली आणि मध्यरात्रीपर्यंत चालली. माल खरेदीच्या भावानं धरायचा, विक्रीच्या नाही, हे बापू पुन्हा पुन्हा बजावत होते. विकला न गेलेला माल विक्रीच्या भावानं मांडला तर न झालेला नफा कागदावर दिसतो, आणि त्यावर कर भरावा लागतो. उंदरांनी कुरतडलेलं शेंगदाण्याचं पोतं वेगळं काढून त्याचा वेगळा आकडा लिहिला. फुटलेल्या बरण्यासुद्धा मोजल्या.

नंतर तेरीज. खतावणीतल्या प्रत्येक खात्याची बाकी एका लांब यादीवर उतरवायची, येणं एकीकडे, देणं एकीकडे, आणि दोन्ही बेरजा जुळायला हव्यात. काकांचा थोरला मुलगा वाचत होता, मी लिहीत होतो. बेरजा झाल्या आणि त्रेसष्ट रुपयांचा फरक आला. सतरा महिन्यांच्या हिशेबात त्रेसष्ट रुपये. काका म्हणाले, घाला किरकोळ खर्चात. बापूंनी मान हलवली.

‘नवानं भाग जातोय. कुठंतरी आकडे उलटे पडलेत.’

हे आम्हाला तेव्हा जादूसारखं वाटलं. आज मी ते समजावून सांगू शकतो. दोन अंकी संख्येतले अंक अदलाबदल झाले की होणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. आणि मराठीत ही चूक हमखास होते, कारण आपण एकं आधी बोलतो आणि दहं नंतर. ऐकून लिहिणारा पोरगा घाईत असला की कानावर आधी पडलेला अंक आधी लिहून मोकळा होतो. फरक दोनानं भागला जात असेल तर निम्म्या रकमेची नोंद शोधायची, ती जमेऐवजी नावे पडलेली असते. बापूंनी या खुणा कुठल्या पुस्तकात वाचल्या नव्हत्या, आबांकडून घेतल्या होत्या.

खाती साडेतीनशेच्या आसपास. पहाट व्हायला आली होती. बाई कोपऱ्यात पाय लांब करून बसली होती; तिला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, ‘मला वाचून दाखवा.’ थोरल्यानं यादी वाचायला सुरुवात केली. नाव, आकडा; नाव, आकडा. बाई डोळे मिटून हूं म्हणत होती. बारवेकडच्या एका घराची बाकी त्यानं एकोणतीस वाचली आणि बाईनं डोळे उघडले.

‘एकोणतीस कशी? तिच्या लेकीचं बाळंतपण झालं ना. डिंक गेला, खारीक-खोबरं गेलं. ब्याण्णव हायेत.’

खतावणीचं पान उघडलं. ब्याण्णवच होते. ब्याण्णवातला ‘ब्या’ ऐकून मी दोन आधी लिहिला होता. तेरीज जुळली तेव्हा आईनं चूल पेटवली, आणि त्या दिवशी चहा सगळ्यांना मिळाला.

पुढे एका सकाळी मी बापूंबरोबर परभणीला गेलो. लाल बासनात वह्या, वर दोरी. सेलू स्टेशनवरून छोटी गाडी. तेव्हा आमच्याकडे रूळ मीटरगेजचे होते. मानवत रोड, पेडगाव करत परभणी. वकीलसाहेबांनी तेरीज पाहिली, साठ्याची यादी पाहिली, तारेतले कागद टाके घालून महिन्यावार लावलेले पाहिले. सतरा महिन्यांचं उत्पन्न एका वर्षात धरलं तर कराचा दर उगाच चढेल, म्हणून बारा महिन्यांच्या प्रमाणात दर काढायची सोय कायद्यात ठेवली आहे, हे त्यांनी बापूंना शांतपणे समजावलं. करमुक्त मर्यादा तेव्हा १८ हजार रुपये होती. त्यांनी चार कागद ठेवून घेतले आणि वह्या परत दिल्या. बापूंनी चलानाची प्रत घरी येऊन वहीच्या शेवटच्या पानाला शिवली. ती सवय आम्ही मोडली नाही. एका वर्षी एका कचेरीत आमचं भरणं झालेलंच नाही असं सांगण्यात आलं, तेव्हा दोऱ्यानं शिवलेलं तेच चलान उसवून दाखवावं लागलं होतं.

१९९२ साली छोट्या दुकानदारांसाठी आणखी सोपी योजना आली. वर्षाची उलाढाल पाच लाखांच्या आत, उत्पन्न ३५ हजारांच्या आत असेल तर सरळ १,४०० रुपये भरायचे. वह्या दाखवायची गरज नाही. आमचं दुकान त्यात बसत होतं. काका म्हणाले, सुटलो, आता कशाला रात्री जागायचं? बापूंनी १,४०० रुपये भरले आणि त्याच रात्री रोजमेळ उघडला.

‘सरकारला नको आसंल. लोकायला लागती.’

हे किती खरं होतं ते आम्ही पाहत आलो. गावातले दोन भाऊ वाटणीवरून भांडत आले. बहिणीच्या लग्नाचा किराणा कुणी भरला यावर दोघं अडून बसले होते. बापूंनी पान उघडून दोघांपुढे ठेवलं. थोरल्यानं भरलेल्या रकमा होत्या, आणि धाकट्यानं तीन हप्त्यांत चुकवलेल्याही होत्या, ज्या थोरल्याला माहीतच नव्हत्या. दोघं उभ्या उभ्या गप्प झाले. कुणाचा बाप गेला की तेराव्यानंतर मुलगा येऊन विचारायचा, आमच्याकडे किती? बापू आकडा सांगत नसत, पान दाखवत. वाचता न येणाऱ्याला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला लावत. उधारीवर चालणाऱ्या गावात हिशेब लिहिणाऱ्यानं स्वतःच वाचून दाखवू नये, असं त्यांना वाटे.

१९९७ च्या अर्थसंकल्पानंतर किरकोळ विक्रीवर ठरावीक पाच टक्के नफा धरायची सोय झाली, मग २००५ मध्ये व्हॅट आला. तोवर दुकान मोठं झालं होतं आणि थोरल्या चुलतभावाच्या हातात गेलं होतं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. आदल्या रात्री, ३० जूनला, पुन्हा सगळा साठा मोजायचा होता. नव्या करात हातातल्या मालावर आधी भरलेल्या कराची वजावट हवी तर माल आणि त्याचं बिल दोन्ही लागणार होतं. तोही शुक्रवार होता. आषाढी चार दिवसांवर आली होती, म्हणून आक्का माहेरी आली होती. भाच्यापुतण्यांनी मोबाइलवर याद्या केल्या, आम्ही पोती मोजली. साबणाच्या आणि तेलाच्या काही बिलांचा मेळ लागेना. पुतण्यानं फायली उपसल्या, व्यापाऱ्यांना फोन केले. बापू तेव्हा ऐंशीच्या घरात. ते उठले, काठी टेकत आतल्या दारापाशी गेले आणि दार ओढलं. तार होती. दुकानात पडलेलं प्रत्येक बिल ते अजून तिच्यात खुपसत होते. पुतण्याला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

सतरा महिन्यांची वही बंद झाली त्याच वर्षी, डिसेंबर १९८९ मध्ये, आक्काचं लग्न झालं. ट्रंकेतल्या पुढच्या वहीत, मार्गशीर्षाच्या मधोमध एका पानावर अक्षर बदलतं. वरची नोंद तिची, खालची माझी, गिचमिड आणि तिरकी. गेल्या दिवाळीत ते पान उघडलं तेव्हा आक्कानं काही न बोलता दोन नोंदींच्या मधल्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. नोकरदाराच्या घरी गेली, तिथं वही नव्हती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिते, आणि त्यातही डावीकडे जमा, उजवीकडे नावे. तिच्या सुनेनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा आक्का लाजली.

पुतण्या शेजारी बसून सांगत होता की १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येतोय. मागील वर्ष आणि आकारणी वर्ष ही जोडी जाऊन नुसतं ‘कर वर्ष’ राहणार. काकांना त्या दोन वर्षांचा घोळ कधीच सुटला नाही, ते पत्रकावर नेहमी उलटं लिहीत आणि बापू खोडून देत. आम्ही हसलो, आणि मग काकूकडे बघून थांबलो.

ट्रंक परत माळ्यावर चढवायची नाही असं ठरलं. वाळवी लागू लागली होती. आबांच्या मोडी वह्या थोरल्यानं ठेवल्या, वाचणारा कुणी भेटेल म्हणून. बाकीच्या आम्ही वाटून घेतल्या. सतरा महिन्यांची वही कुणी मागितली नाही. सगळ्यांनी ती न बोलता आक्कापुढे सरकवली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिच्या अक्षरातली अशी ती एकच. तिनं ती लाल बासनात बांधली, वर दोरीची गाठ मारली, आणि भाऊबीज झाल्यावर परत जाताना एसटीत पिशवी वर ठेवली, वही मांडीवर घेतली.